घारीचं पिल्लू दिवसभर ओरडतंय, आईबाप लक्ष देत नाहीत. टाकून दिलंय का?

गच्चीवाली (रंकाळा परिसर, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, पण वाचून सांगा.

आमच्या घरामागं बोळाच्या टोकाला एक जुनं निलगिरीचं झाड आहे. संक्रांत झाल्यावर घारीच्या जोडीनं त्यावर काटक्या गोळा करायला सुरुवात केली. आमच्या दोरीवरचा एक मोजा आणि सासऱ्यांच्या पंचाची चिंधी त्याच घरट्याला लोंबतेय. मार्चमध्ये दोन पिल्लांची डोकी दिसायला लागली. त्यातलं एक पुढं दिसेनासं झालं. दुसरं एप्रिलच्या शेवटी झाडावरून उडून शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसलं आणि तेव्हापासून तीच त्याची जागा.

आता मे निम्मा झाला. पिल्लू सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत एकसारखं ओरडतं. आईबाप येतात, नाही असं नाही. पण पायात काहीतरी धरून समोरच्या मोबाइल टॉवरवर बसतात आणि त्याच्या देखत स्वतःच खातात! काल हे बिचारं धडपडत टॉवरपर्यंत गेलं, तर आई घास घेऊन उडून गेली. मला बघवेना.

दुसरं असं, की एप्रिलपर्यंत आम्हाला गच्चीवर पाय ठेवू देत नव्हत्या. सासरे वाळवणाला हेल्मेट घालून जायचे, आख्खी गल्ली हसायची. आता मी टाकीच्या अगदी जवळ गेले तरी एकही घार अंगावर येत नाही. म्हणजे पिल्लावरचं लक्षच उडालं ना?

मुलगा सहावीत आहे. त्याचं म्हणणं, रोज थोडं चिकन टाकीवर ठेवूया. शेजारच्या काकू म्हणतात, पोत्यात धरून वनखात्याला द्या. वळवाचे ढग रोज दुपारी जमतायत, एक पाऊस जोरात आला तर हे काय करणार? नक्की करायचं काय?

---

सकारात्मक_सकाळ

ताई, हाच तर निसर्गाचा सगळ्यात मोठा धडा! गरुडाची आई घरट्यातलं मऊ गवत काढून टाकते, काटे टोचू देते, मग पिल्लाला पाठीवर घेऊन उंच आकाशात जाते आणि सोडून देते. खाली पडता पडता ते उडायला शिकतं! आपणही मुलांना असंच घडवायला हवं. 🙏 पूर्ण मेसेज हवा असेल तर पाठवतो.

---

खांबावरून

ताई, आधी जीव खाली ठेवा. पिल्लू टाकलेलं न्हाई.

मी वीज खात्यात लाइनमन होतो, आता रिटायर. आमची आणि घारीची ओळख कामातूनच. तिला खांब लई आवडतो, त्यात काटक्यांबरोबर बाइंडिंगच्या तारेचे तुकडे पण घरट्यात विणून ठेवती. फेब्रुवारी ते एप्रिल खांबावर चढायचं म्हणजे डोक्यात टप्पल ठरलेली. तुमच्या सासऱ्यांना माझ्याकडून रामराम सांगा, हेल्मेट बरोबर होतं.

आता तुमचा हिशेब बघा. संक्रांतीनंतर घरटं, म्हणजे अंडी फेब्रुवारीत. घार महिनाभर किंवा त्याच्यावर थोडे दिवस अंडी उबवती. मार्चमध्ये डोकी दिसली, एप्रिल सरताना पिल्लू उडालं. घरट्यात सहा-सात आठवडे. सगळं वेळेत आहे, काही बिघडलेलं न्हाई.

लोकांची गल्लत इथंच होती. पिल्लू उडालं म्हणजे सुटलं, असं आपण धरून चालतो. उडणं सोपं असतंय हो. त्याच्यापुढचे काही आठवडे खरे अवघड. आकारानं ते आईएवढं दिसतंय, पण नीट बघा, शेपूट आखूड असंल, तिच्यातली खाच पण कमी. अंगावर फिकट ठिपके असतील, जणू तांदूळ सांडल्यात. उतरताना तोल जातोय, फांदी धरायला जातंय तर पंख फडफडून कशीबशी धरतंय. याला शिकार कुठली जमणार? म्हणून या काळात आईबाप घास आणून देतात, पण रोज जरा जरा लांब.

हे मी खांबावरून आणि आता घराच्या गच्चीवरून बघत आलोय. आधी घास चोचीनं तोडून भरवतात. मग अख्खा तुकडा घरट्यात टाकून निघून जातात. उडाल्यावर पहिले काही दिवस पिल्लू जेवायला परत घरट्यातच येतंय, कारण ताट तिथंच वाढलेलं असतंय. नंतर घास शेजारच्या फांदीवर येतोय. मग समोरच्या टॉवरवर. मग आई हवेतूनच पायात घास धरून समोरून जाती आणि पोरगं बोंबलत मागं. तुम्हाला काल जे निर्दयपणाचं वाटलं ते हेच. ती घास घेऊन उडाली, तेव्हा पिल्लू पण उडालं का? कुठंपर्यंत गेलं? ते बघा. मला वाटतंय, टाकीपासून टॉवरपर्यंत जायला त्याला अजून जड जातंय, म्हणून आई तिथं बसती.

आता अंगावर यायचं बंद का झालं. घरट्यात अंडी किंवा न उडणारं पिल्लू असलं की घार जिवावर उदार होती. पिल्लाला पंखाचा आधार आला की राखणीचा जोर उतरतो, कारण धोका दिसला तर ते स्वतः उठून जाऊ शकतंय. लक्ष उडालं असा त्याचा अर्थ न्हाई. खात्री करायची असंल तर गच्चीवर न जाता खिडकीतून बघा. टाकीजवळ कावळे जमले की कोण येतंय ते कळंल.

वळवाचं म्हणाल तर उलटं आहे. पाऊस झोडपून जाईल, पिल्लू भिजंल, पंख पसरून वाळवत बसंल. पण वळीव उघडला की जमिनीतून पंख फुटलेली वाळवी धुरासारखी वर येती. त्या वेळी आकाशाकडं बघा. घारी, कावळे, वेडे राघू, सगळे तुटून पडतात. घार उडता उडता पायानं वाळवी पकडती आणि उडता उडताच पाय चोचीला लावून खाती. या पोरांना आयुष्यातली पहिली स्वतःची कमाई बऱ्याचदा अशीच मिळती. किडा पळून पळून किती पळणार? नेम चुकला तरी पुढचा समोर हजर. उंदीर, सरडा, रंकाळ्यात तरंगणारा मेलेला मासा ही पुढची यत्ता.

आणि सकारात्मक दादा, ते काट्याचं आणि पाठीवरून सोडायचं मलाही दर महिन्याला येतंय. कुठलाच शिकारी पक्षी पिल्लाला पाठीवर घेऊन उडत न्हाई आणि वरून सोडत न्हाई. घरट्यात तर आईबाप उलट हिरवा पाला, चिंध्या आणून टाकत असतात. चाळीस वर्षांचा गरुड डोंगरावर जाऊन चोच आपटून तोडतो आणि नवी येते, तो मेसेज पण त्याच गिरणीचा. चोच तुटलेला गरुड उपाशी मरंल, एवढंच.

चिकन ठेवू नका. पोत्यात तर अजिबात धरू नका.

---

गच्चीवाली

काका, खूप आभार. हो, आई उडाल्यावर पिल्लू तिच्या मागं कळंब्याच्या बाजूला बरंच लांब गेलं होतं, मग परत टाकीवर. ते मी लिहिलंच नाही.

अजून दोन शंका. एक, ते ओरडणं भुकेचंच असतं ना? दुसरी, यांना शिकार शिकवतं कोण? आज मुलानं पाहिलं, पिल्लानं गच्चीवरची प्लास्टिकची पिशवी पायात धरून उचलली, वरून सोडली, परत सूर मारून पकडली. दोन-तीनदा तेच. काही बिनसलंय का त्याचं?

---

प्राणीशास्त्र_विद्यापीठ

ताई, पिशवीचा खेळ हे उत्तम लक्षण आहे! टाकणं, झेपावणं, पकडणं हा सरावच आहे. कोवळे शिकारी पक्षी काटक्या, पानं, मातीची ढेकळं यांच्याशी असंच खेळतात.

शिकवण्याबद्दल. शिकारीची मूळ ओढ जन्मजात असते, हे बिनआईबापाच्या पिल्लांवरून दिसलेलं आहे. अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाणे पूर्वेकडून जवळजवळ संपले होते. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात टॉम केड आणि सहकाऱ्यांनी बंदिस्त जागेत पिल्लं वाढवली, कड्यांवर आणि मनोऱ्यांवर पेट्यांत ठेवली. माणूस दिसणार नाही अशा बेतानं वरून खाणं टाकायचे. पेटी उघडल्यावर पिल्लं आसपास उडायची, भूक लागली की परत यायची, आणि काही आठवड्यांत कुणीही न दाखवता स्वतः पक्षी पकडायला लागायची. स्कॉटलंडच्या रम बेटावर १९७५ पासून नॉर्वेतून आणलेली समुद्री गरुडांची पिल्लं सोडली, तीही आईबापाशिवायच जगायला शिकली. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी होती: सराव जमेपर्यंत कुणीतरी खाणं पुरवत होतं. आईबापाचं खरं काम तेच. वेळ विकत घेऊन देणं.

आता ओरडणं. भूक असतेच, पण प्रत्येक किंकाळी म्हणजे उपासमार नव्हे. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ मध्ये पालक आणि पिल्लं यांच्या हितसंबंधातला झगडा मांडला. पिल्लाला जास्तीत जास्त दिवस आयतं हवं असतं. आईबापांना मात्र स्वतःची तब्येत राखून पुढच्या हंगामातही पिल्लं वाढवायची असतात. त्यामुळे घास कमी व्हायला लागले की मागणी वाढते. तुम्ही ऐकताय तो आवाज नेमका या ओढाताणीचा आहे.

प्रत्येक जातीचं वेळापत्रक वेगळं. दक्षिण अमेरिकेतल्या हार्पी गरुडाचं पिल्लू उडायला लागल्यावरही कित्येक महिने आईबापांवर अवलंबून राहतं, म्हणून ती जोडी दरवर्षी वीण घालत नाही. ऑस्प्रे, जो हिवाळ्यात आपल्याकडच्या धरणांवर मासे मारताना दिसतो, त्याच्यात बऱ्याचदा आई आधी दक्षिणेला निघून जाते, बाप मागं राहून पिल्लांना मासे देतो, आणि शेवटी पिल्लं एकेकटी निघतात, वाट दाखवायला कुणीही नसताना. अमूर ससाण्याची पिल्लं तर चीन-सायबेरियाच्या बाजूला जन्मतात आणि त्याच वर्षी थव्यांबरोबर ईशान्य भारतावरून येऊन अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचतात. त्यामानानं तुमच्या पिल्लाला कळंब्यापर्यंतच जायचंय.

---

खांबावरून

पोरानं लई भारी सांगितलं. तालमीत पण नवीन पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव दाखवत न्हाई. ते हौद्याच्या कडेला बसून बघतंय, माती अंगाला लावून घेतंय, खुराक घरचा. घारीच्या पोराचं तसंच चाललंय.

फक्त एक भर. तुमचं जे पिल्लू दिसेनासं झालं, त्यात कुणाचा दोष न्हाई. घार पहिलं अंडं घातलं की लगेच उबवायला बसती, म्हणून पिल्लं एकदम न येता पुढंमागं येतात. थोरलं पहिल्यापासूनच दांडगं असतंय. खाणं कमी पडलं की धाकटं मागं राहतंय.

---

पन्हाळ्याचा_वारा

घारींचं चाललंय त्यात ससाण्याची थोडी गंमत. मी पन्हाळ्यावर राहतो. इथल्या कड्यांवर शाहीन ससाणा दिसतो, बहिरी ससाण्याचाच आपल्याकडचा प्रकार. नेमकी जागा विचारू नका, सांगणार नाही. एकदा फोटोवाल्यांना कळलं की कड्याच्या टोकावर मोबाइल घेऊन जत्रा भरते.

शाहीनची वीण थंडीत सुरू होते आणि मार्च-एप्रिलला पिल्लं कड्यावर उड्या मारायला लागतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आगेमागे खाली वाडी रत्नागिरीकडं माणसांचा समुद्र असतो आणि इकडं वर पिल्लांचा दंगा. घारीचं पिल्लू मागून खातं, शाहीनचं हिसकावून घेतं. बाप पारवा घेऊन येतो, पिल्लू खालून चढतं, हवेत उलटं होऊन नख्या वर करतं आणि त्याच्या पायातलं भक्ष्य ओढून घेतं. पुढं पुढं बाप भक्ष्य वरून सोडून देतो आणि पिल्लानं ते खाली पडायच्या आत झेलायचं. झेललं नाही तर दरीत गेलं, कुणी परत आणून देत नाही. बघणाऱ्याला हे शाळेसारखं वाटतं, पण मला विचाराल तर बापाला त्या धटिंगणाच्या नखांपासून स्वतःचे पाय वाचवायचे असतात. एका पिल्लाला मी कड्यावर परत बसलेल्या आईच्या अंगावर धावून जाताना पाहिलंय. ती सरळ उठून निघून गेली.

त्यांची पहिली स्वतःची शिकारही काकांनी सांगितलं तशी किरकोळच. चतुर, टोळ, हवेतले किडे. पारव्यामागं लागतात, पण पारवा सहज चुकवतो. उडायला लागल्यावर साधारण दोन महिने आईबापांच्या आसऱ्यानं राहतात, मग कडा सोडतात. आणि त्यानंतरचं पहिलं वर्ष फार वाईट. बहिरी ससाण्याच्या जातीत निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या वर्षातच मरतात. ताशी ३०० किलोमीटरनं सूर मारणारा पक्षी म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण तो सूर नीट बसेपर्यंत किती मेले ते कुणी मोजत नाही. म्हणूनच जुने बाजदार, म्हणजे शिकारीसाठी ससाणे पाळणारे, घरट्यातून काढलेल्या पिल्लापेक्षा स्वतः शिकार करून जगलेला कोवळा पक्षी पकडायचे. अर्धं शिक्षण झालेलं असायचं.

---

सकारात्मक_सकाळ

माहितीपूर्ण चर्चा. पण त्या मेसेजमधला संदेश तर चांगलाच आहे ना?

---

खांबावरून

संदेश ठेवा, गरुड सोडा.

---

जनावरांची_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं पुठ्ठ्याच्या खोक्यांचा हंगाम. गव्हाणी घुबड, शिक्रा, घार, सगळ्यांची पिल्लं 'अनाथ सापडलं' म्हणून येतात. त्यातली बरीचशी अनाथ नसतात, शाळेतून उचलून आणलेली असतात. म्हणून थोडं रोखठोक लिहिते.

पिल्लू उंचावर बसतंय, उडतंय, ओरडतंय, नजर स्वच्छ आहे: हात लावायचा नाही. गच्चीसारख्या मोकळ्या जागी खाली उतरलेलं असेल, तर कुत्री-मांजरं आवरा आणि लांबून लक्ष ठेवा. धडधाकट पिल्लू रस्त्यावरच आलं असेल, तर जाड टॉवेल टाकून उचला आणि जवळच्याच भिंतीवर किंवा फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही समजूत खोटी आहे. टॉवेल मात्र विसरू नका. शिकारी पक्षी चोचीनं कमी आणि पंजानं जास्त जखमी करतो.

एक पंख लोंबतोय, रक्त आहे, मांजरानं धरलं होतं, मांज्यात अडकलंय, अंगावर माश्या बसतायत किंवा जवळ गेलं तरी डोळे मिटूनच आहे: मग मात्र उचलायचं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. तोवर दूध-पाव नाही, भात नाही, चोच उघडून पाणी ओतणं तर मुळीच नाही. पाणी श्वासनलिकेत जातं आणि किरकोळ जखमेचा पक्षी आमच्या टेबलावर गुदमरून मरतो. आणि सुंदर दिसतं म्हणून घरी ठेवायचा मोह कुणाला झाला, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

चिकनबद्दल मुलाला हे सांगा. रोज टाकीवर आयतं मिळालं तर पिल्लू टाकी सोडणार नाही, माणसाला भिणार नाही, आणि पुढं कुणाच्या तरी ताटावर झडप घालेल. नुसत्या सोललेल्या मांसावर हाडंही नीट वाढत नाहीत, त्यांना अख्खं भक्ष्य लागतं, हाडकासकट. पाणी ठेवायचं असेल तर पसरट, उथळ परात ठेवा. त्याला हरकत नाही.

---

गच्चीवाली

सगळ्यांचे आभार. परात ठेवली. चिकनचं सांगितल्यावर मुलगा रुसलाय, पण वहीत नोंदी करायला बसवलाय.

शेवटचं एक. गल्लीतले लोक म्हणतात, आता घरटं रिकामंच आहे तर पावसाच्या आधी बांबूनं पाडून टाका, पुढच्या वर्षी टपला नकोत. झाडाजवळून विजेची तार पण जाते.

---

खांबावरून

ताई, बांबूला हात लावू देऊ नका. उन्हाळ्याच्या वाळलेल्या बांबूतून करंट येत न्हाई असं लोकांना वाटतंय, आणि भिजलेल्या घरट्यातून तारेचे तुकडे लोंबत असतात. माणूस चिकटायला तेवढं पुरतंय.

दुसरं, घरटं अजून रिकामं न्हाई. पिल्लू टाकीवर दिवसभर दिसलं, तरी कुठं झोपतंय ते संध्याकाळी बघा. या वयात बरेच दिवस रात्रीला ते त्याच झाडाकडं जातंय. आणि पाडलं तरी टपला चुकणार न्हाईत. जोडी बहुतेक तीच जागा धरून असती. जुनं घरटं डागडुजी करून वापरती, न्हाईतर त्याच झाडावर नवं बांधती. तुमचं पिल्लू मात्र त्यात नसंल. एकदा जागा सोडली की ते इतर घारींत मिसळून हिंडंल, आणि स्वतःचं घरटं करायला त्याला दोन-तीन वर्षं तरी जातील.

मला तारेची खरी काळजी आहे. या वयात पिल्लाला उतरायचा अंदाज नसतोय, दोन तारांच्या मध्ये पंख पसरून बसायला जातंय आणि दोन्हीकडं एकदम टेकलं की संपलं. मी असली पोरं खांबाखालून बरीच उचललीत. फांद्या तारेला लागत असतील तर वीज खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. पावसाळ्याआधी फांदी छाटणी चालू असती, त्यातच होऊन जाईल. अर्जात झाडावर घरटं आहे हे लिहा आणि फक्त तारेकडच्याच फांद्या तोडायला सांगा. छाटायला माणसं आली की कुणीतरी खाली उभं राहा, न्हाईतर सरसकट बुंध्यापर्यंत साफ करून जातात.